मुद्दाम टाकलेल्या मुठी

मांजरेच्या काठी थंडी पडू लागली आहे. तुरीच्या शेंगा भरल्या आहेत, हरभरा फुलावर आला आहे, आणि कापसाची वेचणी सरत आली आहे. पुष्कळ घरांना मात्र ह्या दिवसांत कुलपे दिसतात. घरचा धनी व धनीण ऊसतोडीला गेली आहेत. ओसरीवर म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी लेकरे तेवढी राहिली आहेत. नाताळ आमच्याकडे येतो तो अशा दिवसांत. मोठ्या शहरांतील मंडळ्यांची रोषणाई आमच्याजवळ नाही. पत्र्याची एक खोली, काडीला चिकटविलेली कागदी चांदणी, एक ढोलकी आणि चार गाणारे गळे, एवढ्यावर आमचा सण होतो.

मंडळ्यांतून फिरताना ह्या ऋतूत एक बोलणे आमच्या कानी वारंवार पडते. लोक म्हणतात, “पाळकबुवा, गेल्या वर्षात देवाने आमचे असे काय बरे केले? पाऊस अवेळी आला, सोयाबीनला भाव मिळाला नाही, सावकाराचे देणे तसेच राहिले. उपकारस्तुती करावी तरी कशाबद्दल?” हा प्रश्न खोटा नाही, आणि त्याला दटावून गप्प करणे हे उपदेशकाचे काम नव्हे. पवित्र शास्त्रात हाच प्रश्न एका स्त्रीने केला होता, आणि तोही बेथलेहेमातच, आपल्या प्रभूच्या जन्माच्या कित्येक शतके आधी. तिचे नाव नामी. ह्या नाताळात आपण लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर रूथच्या लहानशा पुस्तकाचाही दुसरा अध्याय उघडावा, अशी आमची विनंती आहे. ह्या दोन्ही अध्यायांचे गाव एकच आहे.

बेथलेहेम ह्या इब्री नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा होतो. त्या भाकरीच्या घरीच एकदा दुष्काळ पडला. नामी, तिचा नवरा व दोन मुलगे पोट भरण्यास परमुलखात, मवाब देशात गेले. आमच्या मराठवाड्याच्या माणसाला ह्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात सुकडीवर आणि आयात केलेल्या मिलोच्या भाकरीवर दिवस काढलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. मवाबात नामीचा नवरा वारला, दोन्ही मुलगे वारले, आणि शेवटी ती रिकाम्या हातांनी गावी परतली. वेशीत बायका जमल्या तेव्हा तिने सांगितले की, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणिले. हे बोलत असता तिच्या शेजारी कोण उभी होती? तिची मवाबी सून रूथ! स्वतःचे माहेर व मुलूख सोडून सासूबरोबर पायी चालत आलेली ती तरुण विधवा तेथेच उभी होती, आणि नामीच्या हिशेबात ती धरलीच गेली नाही.

बंधूंनो, येथे थोडे थांबा. नामीचे दुःख खरे होते, आणि शास्त्र तिला दोष देत नाही. तरी देवाने तिच्यावर केलेला उपकार तिच्या पदराला लागून उभा होता, आणि दुःखाने जड झालेल्या डोळ्यांस तो दिसला नाही. आपलेही असेच होते. आपण मोठ्या आशीर्वादाची वाट पाहतो, आणि शेजारी उभी असलेली रूथ मोजावयाची राहून जाते.

मग रूथ सरवा वेचावयास निघाली. सरवा म्हणजे काय हे आपल्या आयाबहिणींस ठाऊक आहे. पीक काढून झाल्यावर रानात राहिलेली कणसे, शेंगा, बोंडे गोळा करून त्यांनी किती वेळा चूल पेटविली आहे! मोशेच्या नियमशास्त्रात देवाने शेतधन्यांस आज्ञाच केली होती की, शेताचा कोनाकोपरा पुरा कापू नका आणि पडलेली कणसे वेचू नका; ती गरीब, परदेशी, विधवा व पोरके ह्यांकरिता राहू द्या. तात्पर्य, सरवा ही भीक नव्हती. तो गरिबाचा देवाने ठरविलेला हक्क होता. तथापि हक्क असला तरी धन्याची नजर व गड्यांची जीभ कशी असेल ह्याची खात्री कोण देणार? रूथ तरुण होती, विधवा होती, आणि परक्या जातीची होती.

ह्या ठिकाणी शास्त्राने एक सुंदर गोष्ट सांगितली आहे. ती म्हणते की, रूथ ज्या शेतात गेली ते योगायोगाने बवाजाचे होते. देवदूत आला नाही, स्वप्न पडले नाही, आकाशवाणी झाली नाही. एका गरीब बाईचे पाऊल एका भल्या माणसाच्या बांधावर पडले, इतकेच. गावात ह्याला नशीब म्हणतात. तो शब्द ऐकून कोणावर रागावण्याचे आम्हांस कारण दिसत नाही, कारण पवित्र लेखकानेही प्रथम योगायोग असेच म्हटले. त्यामागचा हात कोणाचा होता हे रूथला पुढे हळूहळू उमगले. चांगला योग आला म्हणजे त्याला लहान म्हणून सोडून देऊ नये. तसेच दुसऱ्याच्या घरी वाईट योग आला म्हणजे हा देवाचा कोप आहे असे म्हणून त्याच्या जखमेवर मीठ चोळू नये.

आता बवाजाने त्या दिवशी काय केले ते पाहू. त्याने तीन गोष्टी केल्या, आणि तिन्ही लहान होत्या.

पहिली गोष्ट पाण्याची. तो रूथला म्हणाला की, तुला तहान लागली तर माझ्या गड्यांनी भरून ठेविलेल्या पाण्यातून जाऊन पी. आणि तिला कोणी हात लावू नये अशी गड्यांस ताकीदही दिली. ज्या वाचकांच्या आजा-पणज्यांनी विहिरीपासून दूर उभे राहून ओंजळीत वरून पाणी ओतून घेतले, त्यांना हे वाक्य वाचून पुढे जाववणार नाही. आपल्याच महाराष्ट्रात १९२७ च्या मार्च महिन्याच्या २० तारखेस महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसे बरोबर घेऊन चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले, तेव्हा कोठे तो हक्क जगाला दिसला. परक्या जातीच्या बाईला, तिने न मागता, गड्यांच्याच घागरीतले पाणी देणारा तो धनी केवढे मोठे काम करीत होता हे आपल्याइतके कोण जाणेल? म्हणून आमचे सांगणे असे की, आपल्यापैकी जे आज बऱ्या स्थितीत आहेत त्यांनी ह्या नाताळात आपल्या माठापाशी कोण येऊ शकतो व कोण बिचकतो हे पाहावे. आपल्याहूनही खाली लोटलेली माणसे गावात असतात. पालावर राहणारी, परप्रांतातून वीटभट्टीवर आलेली, ज्यांची बोली आपल्याला कळत नाही अशी. त्यांच्या लेकराला आपल्या पेल्यात पाणी मिळाले तर तो गव्हाणीपुढे वाहिलेला नजराणा समजावा.

दुसरी गोष्ट जेवणाची. दुपारी बवाजाने रूथला कापणाऱ्यांच्या पंक्तीस बोलाविले, आपली भाकर आंबट पेयात बुडवून खा असे सांगितले, आणि भाजलेले धान्य स्वतःच्या हाताने तिच्यापुढे केले. आपल्याकडच्या माणसाला येथे हुरड्याची आगटी आणि गाडग्यातील आंबील आठवल्यावाचून राहणार नाही. लातूर-धाराशिवकडे व नांदेड जिल्ह्याच्या काही भागांत मार्गशीर्षातील वेळ अमावस्येस सारा गाव रानात जातो. आंबील, भज्जी, उंडे ह्यांचे जेवण होते, आणि बांधावरून जाणाऱ्या वाटसरूलाही हाक मारून बसवितात. कित्येकदा ही अमावस्या आणि आपला नाताळ पाठोपाठ येतात. २०२२ साली ती २३ डिसेंबरला होती, २०२४ साली ३० डिसेंबरला. आपले काही बंधू विचारतात की, अशा बोलावण्यास जावे की न जावे? पूजेचा भाग ज्याचा त्याने आपल्या विवेकाप्रमाणे ठरवावा. पौलानेही करिंथ येथील मंडळीस ह्याविषयी विवेकाचाच मार्ग दाखविला. परंतु शेजाऱ्याने प्रेमाने मारलेली हाक तुच्छ मानू नये, आणि आपल्या नाताळच्या करंज्या त्याच्या घरी पोहोचविण्यास विसरू नये. रूथ पोटभर जेवली, आणि उरलेले तिने पदरात बांधून सासूसाठी नेले. ज्याला खरी तृप्ती मिळाली त्याला घरी उपाशी बसलेले माणूस आठवते.

तिसरी गोष्ट सर्वांत लहान, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. रूथ उठून पुन्हा वेचू लागली तेव्हा बवाजाने गड्यांस हळूच सांगितले की, तिला पेंढ्यांमध्येही वेचू द्या, तिला लाजवू नका. आणि बांधलेल्या पेंढ्यांतून मूठ मूठ काढून तिच्यासाठी मुद्दाम खाली टाकीत जा. विचार करा, वाचकहो! बवाज श्रीमंत होता. एक पोते भरून तो तिच्या डोक्यावर देऊ शकला असता, आणि सारे गाव त्याची वाहवा करते. त्याने तसे केले नाही. त्याने अशी व्यवस्था केली की, धान्य तर तिला मिळावे, पण संध्याकाळी घरी जाताना तिला वाटावे, हे मी माझ्या कष्टाने वेचले आहे. तिने ते झोडपले तेव्हा एफाभर सातू निघाले. देणाऱ्याचा हात तिला दिसला नाही, आणि तिची मान खाली गेली नाही.

आज आपल्या भागात नाताळच्या सुमारास दानधर्म पुष्कळ होतो, आणि त्याबद्दल देवाची स्तुती असो. परंतु तो कसा होतो? ब्लँकेट वाटप, साडी वाटप अशा पाट्या लागतात. म्हाताऱ्या विधवांस रांगेत उभे करितात. एकेकीच्या हातावर घडी ठेवितात आणि छायाचित्र निघेपर्यंत तिला तेथेच थांबवितात. थंडीत ते ब्लँकेट ऊब देईलच, पण त्याच घडीबरोबर लाजेचीही एक घडी त्या माउलीच्या हातावर पडते. उपदेशक बंधूंनो, तुमच्याकडे असे काही वाटावयास आले तर बवाजाची ताकीद आठवा. रात्री दोघांनी जाऊन दारात द्या, नाव घेऊन विचारपूस करा, आणि तेथे घटकाभर बसा. ज्याला देता त्याच्याकडूनही काही घ्या. त्याच्या घरचा कोरा चहा नाकारू नका. रूथला बवाजाने मुठी टाकल्या, तसाच तिचा सासूवरील प्रेमाचा नावलौकिकही त्याने तिच्या तोंडावर बोलून दाखविला. गरिबाला आपला गुण कोणी ओळखला ह्याचीही भूक असते.

ह्या मुठींचे पुढे काय झाले हे शास्त्रच सांगते. बवाजाने रूथशी विवाह केला. त्यांना ओबेद झाला. ओबेदाला इशाय आणि इशायाला दावीद. मत्तय आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच पानावर प्रभूची वंशावळ देतो, तेव्हा त्या मवाबी बाईचे नाव तो गाळीत नाही. अर्थात बेथलेहेमच्या एका शेतात एका दुपारी गड्यांनी टाकलेल्या मुठी ह्या त्याच गावच्या गव्हाणीपर्यंत पोहोचल्या. त्या गड्यांना हे ठाऊक नव्हते. त्यांची नावेही लिहिलेली नाहीत.

तसेच त्या गव्हाणीचे. नाताळच्या नाटकांत आपण एक कठोर धर्मशाळावाला उभा करितो, परंतु लूकाने त्याचा उल्लेखच केलेला नाही. उतारशाळेत जागा नव्हती आणि बाळाला गव्हाणीत ठेविले, एवढेच तो सांगतो. ती गव्हाण कोणाची तरी होती. गुरांच्या तोंडाखालची जागा कोणीतरी रिकामी होऊ दिली, कोणीतरी वैरण सारली. ज्याने हे केले त्याला कोणाची सोय झाली हे त्या रात्री कळलेही नसेल. जगाच्या तारणाऱ्याची पहिली सेवा अशा निनावी हातांनी झाली. म्हणूनच आम्ही म्हणतो की, लहान उपकार हे नाताळच्या कडेला लावलेले तोरण नव्हे; नाताळ त्यांच्याच आधाराने घडला.

आपल्या महाराष्ट्रातील मंडळीच्या इतिहासातही ह्याची साक्ष आहे. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) ह्यांनी तरुणपणी दुष्काळात आईबाप व बहीण गमावली. भाऊ श्रीनिवास ह्याच्याबरोबर त्या पायी देशभर फिरल्या. झेलम नदीकाठी पांघरूण नसल्याने दोघां भावंडांनी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत स्वतःला पुरून थंडीची रात्र काढली, असे त्यांनीच लिहून ठेविले आहे. मांजरेची वाळू ज्यांनी थंडीत पायांखाली घेतली आहे त्यांना ती रात्र समजेल. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली व स्त्रिया रमाबाईंनी केडगावास आणिल्या. त्यांनी त्यांना अन्न दिलेच, शिवाय विणकाम, शेती, छापखाना असे कामही हाती दिले. रमाबाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. खिळे जुळविणाऱ्या हातांत दुष्काळातून वाचलेल्या स्त्रियांचे हात होते. मुठी टाकल्या, आणि वेचणारीने त्यातून भाकर केली, ती अशी.

दुसरी साक्ष आपल्या अगदी शेजारची आहे. निजामाबादजवळ डिचपल्ली येथे डॉ. इझाबेल कर ह्या स्कॉटलंडहून आलेल्या बाईंनी १९१५ साली कुष्ठरोग्यांसाठी मोठे रुग्णालय सुरू केले. त्या वेळी निजामाबाद व नांदेड दोन्ही एकाच हैदराबाद संस्थानात होते. ज्या रोग्यांना आपल्याच घरी ताटवाटी मिळत नव्हती, त्यांच्या जखमा तेथे धुतल्या गेल्या. आणि त्या रुग्णालयासाठी मोठी देणगी कोणी दिली? राजा नरसा गौड ह्या एका हिंदू गृहस्थाने. देवाच्या कामात मुठी टाकणारे हात नेहमी आपल्याच मंडळीतले असतात असे समजू नये.

हे आपण आपल्या गावांतही पाहतो. मुक्कामी एस. टी.चा वाहक नाताळच्या आदल्या रात्री फाट्यावर गाडी दोन मिनिटे अधिक उभी ठेवितो, कारण पुण्याकडून येणारी पोरे मागे धावत असतात. मुसलमान शिंपी पहाटेपर्यंत यंत्रावर बसून एका पोरीचा झगा पुरा करितो आणि ठरल्याहून एक रुपयाही अधिक घेत नाही. आठवडी बाजारात तांदूळ विकणारी म्हातारी माप पुरे झाल्यावर, “सण हाय ना तुमचा,” म्हणून आणखी एक मूठ पिशवीत टाकते. ऊसतोडीच्या फडावर असलेल्या आईबापांना लेकरांचे नाताळगीत ऐकू यावे म्हणून शेजारीण आपला फोन त्यांच्या हाती देते, आणि पलीकडे कोयता खाली ठेवून दोघे जण उभे राहून ऐकतात. ह्यांतील एकही गोष्ट अहवालात लिहिली जात नाही. परंतु ज्याने गारठ्यात मेंढपाळांची आठवण ठेविली, तो ह्या गोष्टी विसरेल काय?

आणखी एक सांगणे आहे, आणि ते जड अंतःकरणाने लिहितो. आपल्या मराठवाड्यात कर्जाच्या विवंचनेने किती शेतकऱ्यांनी आपला जीव दिला हे तुम्ही जाणता. असा मनुष्य बहुधा पैसा मागत नाही. तो बोलेनासा होतो, उपासनेस येईनासा होतो, पारावर दिसेनासा होतो. नामीप्रमाणे त्याला वाटते, मी रिकामा आहे. त्याचे कर्ज आपल्याला फेडता येणार नाही. परंतु त्याच्या ओसरीवर जाऊन बसता येते, त्याच्याबरोबर रानात एक चक्कर मारता येते, तालुक्याच्या कचेरीत किंवा दवाखान्यात त्याच्या सोबतीला जाता येते. नामीच्या हाकेला देवाने प्रथम धान्य पाठविले नाही. प्रथम एक माणूस पाठविले, जे म्हणाले की मी तुला सोडून जाणार नाही. आपल्या मंडळीत असा कोणी असेल तर नाताळची उपासना आटोपल्यावर पहिली भेट त्याच्या घरी द्यावी. जेवण मागाहून करावे.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, ह्या नाताळच्या उपासनेत साक्ष देण्याची वेळ येईल तेव्हा लोकांना मोठे चमत्कार विचारू नका. एवढेच विचारा की, गेल्या वर्षात तुमच्यासाठी कोणी मूठ टाकली? प्रत्येकाने एक नाव सांगावे. ते नाव ख्रिस्ती असो, हिंदू असो वा मुसलमान असो. नामीने शेवटी हेच केले. रूथने पदर सोडून धान्य दाखविले तेव्हा त्या रिकाम्या म्हणविणाऱ्या बाईने ज्याने हिची दखल घेतली त्याचे कल्याण असो असा आशीर्वाद दिला, आणि मग तिच्या तोंडून परमेश्वराची स्तुती निघाली. त्याच्या नावाने तिने देवाचा उपकार पुन्हा मोजावयास आरंभ केला.

आणि नाव सांगून झाल्यावर प्रत्येकाने मनात दुसरे एक नाव धरावे, ज्याच्यासाठी आपण ह्या आठवड्यात मूठ टाकणार आहोत. ते मात्र कोणाला सांगू नये.

भाकरीच्या घरी जन्मलेला आपला प्रभू तुमच्या चुली पेटत्या ठेवो, फडावर गेलेल्यांना सुखरूप घरी आणो, आणि एकाकी ओसऱ्यांवर सोबत पाठवो. त्याची शांती तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.